पेंढ्याची पारडं

मी हेले पाळते. कापायला जाणारे हेले. आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्याला नाक मुरडायचं असेल त्याने आत्ताच मुरडून घ्यावं. गाय नाही, बैल नाही, म्हशीचे नर. दोन-चार दिवसांचं पारडू आणायचं, अडीच-तीन वर्षं पोटभर खाऊ घालायचं, कानात सरकारी बिल्ला मारून घ्यायचा, डॉक्टरचा दाखला काढायचा, आणि मग खांडबाऱ्याचा व्यापारी लोटन येतो आणि घेऊन जातो. तो कुठे नेतो ते मला माहीत आहे. मला माहीत आहे, हे त्यालाही माहीत आहे. आम्ही दोघं एकमेकांशी खोटं बोलत नाही.

खोटं बघायचं असेल तर आमच्या बांधाला लागून रतिलाल पाटलाचा गोठा आहे, तिथे जा.

आमचं गाव तापीच्या काठाला. एका अंगाला पाटलांची केळी आणि ऊस, दुसऱ्या अंगाला आमची भिलाटी, म्हणजे भिल्लांची वस्ती. रतिलालकडे बावीस म्हशी. म्हैस व्याली आणि वगार झाली की पाटलाच्या घरात पेढे वाटतात. नर झाला की कुणी तोंडसुद्धा उघडत नाही. बरोबरच आहे, नर दूध देणार नाही आणि नांगराला आता ट्रॅक्टर आहे. मग त्याच्या पोटात दूध कशाला घालवायचं? त्याला बांधतात मागच्या भिंतीकडे, शेणाच्या ढिगाजवळ. सकाळ-संध्याकाळ आईपाशी आणतात, सडाला तोंड लावू देतात, आणि पान्हा सुटला रे सुटला की दावं धरून मागे ओढतात. पहिल्या दिवसांचा चीक असतो, त्याचा होतो खरवस. रतिलालची आई तापीबाई तो देवापुढे ठेवते, मग गावात वाट्या पाठवते. भिलाटीत नाही पाठवत हो, वर पाटीलवाड्यात. ज्याच्यासाठी तो चीक उतरला, तो तिकडे भिंत चाटत उभा. दहाव्या-बाराव्या दिवशी मान टाकतो. मारलं कुणी? कुणीच नाही. देवाने नेलं म्हणे!

पारडू मेलं की मात्र पंचाईत. म्हैस मोठी हट्टी असते. पिलू दिसलं नाही की दूध चोरते, काय वाट्टेल ते करा, चरवी कोरडीच. मग मेलेल्या पारडाचं कातडं सोलायचं, मीठ चोळून वाळवायचं, आत पेंढा भरून शिवायचं आणि ते पेंढ्याचं पारडू म्हशीपुढे धरायचं. वरून मिठाचं पाणी शिंपडलं की ती बिचारी चाटत बसते आणि पान्हा सोडते. हे शिवण्याचं काम आमच्या जामसिंगचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं. सगळ्या पट्ट्यात त्याच्यासारखं कुणी शिवत नाही, असं लोक म्हणतात. काय पण नाव कमावलंय माणसाने!

नऊ वर्षांपूर्वी मीच रतिलालला म्हटलं होतं, "भाऊ, मेल्यावर कातडं सोलाले बलावतस, त्यापेक्षा जित्तं द्या ना." त्याला काय, त्याने दिलं. तेव्हापासून ठरलं. नर झाला की तो माझ्या अंगणात. माझ्या तीन शेळ्या आहेत, त्यांचं दूध, त्यात ज्वारीची पातळ पेज, असं हातातल्या बाटलीने पाजायचं. आणि दोन्ही वेळेला धारेच्या आधी त्याला बांधावरून आईकडे न्यायचं, चार घोट त्याला, बाकी सगळं पाटलाला. म्हैस खूश, पाटील खूश, पारडू जिवंत. नऊ वर्षांत माझ्या हातातलं एक पारडू मेलं, तेही सापाने.

आणि पाळणं म्हणजे नुसतं दावणीला बांधणं नव्हे. पहिल्या महिन्यात जंताचं औषध, नाहीतर ढाळ लागून खलास. मग पाटलांच्याच शेतातले कापणीनंतरचे केळीचे खांब डोक्यावर आणून कोयत्याने बारीक करायचे, उसाचं वाढं, कडबा, शेवटच्या सहा महिन्यांत सरकीची ढेप. उन्हाळ्यात रोज तापीवर नेऊन पाण्यात बसवायचं, पाठीवरचे गोचीड काढायचे. हेला मोठा झाला की इतका गरीब असतो, की त्याच्या मानेवर डोकं ठेवून झोपा, हलणार नाही. तो जातो त्या दिवशी मी जेवत नाही. हे मी कुणाला सांगत नाही, कारण लोकांना वाटतं नाटक करते. आज सांगितलं, पुरे.

आता गोष्ट ऐका. गेल्या दसऱ्याला माझे दोन हेले लोटनने नेले. गोठ्यात उरला एक, तोही वर्षाचा. दिवाळीनंतर रतिलालच्या म्हशी व्यायच्या होत्या, त्यांची पारडं आली तरच माझा गोठा पुढे चालणार होता. नाहीतर मी आहे आणि पाटलाच्या केळीतली रोजंदारी आहे. आणि नेमका त्याच वेळी रतिलालचा मुलगा हेमकांत सुरतेहून परत आला.

सुरतेला काय करत होता देव जाणे, पण येताना दया घेऊन आला. दहा पोरं जमवली, सगळ्यांना सारखे भगवे टी-शर्ट शिवले, मंडळ काढलं. गोठ्याच्या फाटकावर हा मोठा बोर्ड लावला, 'येथे जीवदया पाळली जाते.' आणि एक दिवस माझ्या अंगणाच्या कडेला उभा राहिला. आत नाही आला, कडेला. घरात सगळे अहिराणी बोलतात, पण हा माझ्याशी शाळेतलं मराठी बोलतो, जणू पंधरा ऑगस्टचं भाषण आहे.

"धनुबाई, यापुढे आमच्या गोठ्यातला एकही मुका जीव कत्तलीसाठी जाणार नाही."

"बरं," मी म्हटलं, "मंग त्या जिवले दूध पाजशी का?"

"ते आमचं आम्ही बघू."

"बघू म्हनजे पाजशी का नही?"

"हे बघा, जीवदया म्हणजे नुसतं दूध नसतं."

"मंग काय ऱ्हास? फोटो?"

तो गेला निघून. जामसिंग आतून सगळं ऐकत होता. म्हणाला, कशाला तोंडाला लागतेस, मोठी माणसं आहेत. मोठी माणसं! बारा दिवसांच्या पोराचं दूध विकणारी माणसं मोठी, मग आम्ही कोण?

दिवाळी झाली आणि आठ दिवसांत तीन म्हशी व्यायल्या. तिन्ही नर. पहिली भुरी, दुसरी कुंढी. या दोघी म्हणजे गोठ्यातल्या सगळ्यात जास्त दुधाच्या. तिसरी नवी, पहिलटकरीण. भुरीचं आणि कुंढीचं पारडू एकाच दिवशी गेलं. एक पहाटे, एक दुपारी. फाटकावर जीवदया, आत दोन मढी. जामसिंगला बोलावणं आलं. मी म्हटलं जाऊ नकोस, पण त्याला कुणी बोलावलं की नाही म्हणता येत नाही, त्याच्या आईने त्याला तो शब्दच शिकवला नाही. दोन्ही कातडी आमच्या कुंपणावर वाळली. त्याने ती शिवली. मन लावून शिवली, ते बघूनच माझं डोकं फिरत होतं.

ज्या दिवशी तो ती घेऊन गेला, त्या दिवशी मंडळाचा कार्यक्रम होता. पाहुणे यायचे होते, हार-तुरे, मांडव. हेमकांत घाईत होता. पेंढ्याची पारडं पाहुण्यांना दिसायला नकोत ना! त्याने जामसिंगच्या हातातली दोन्ही घेतली, हे इकडे बांध, ते तिकडे बांध, असं करून गड्याकडे दिली आणि याला मागच्या वाटेने पिटाळलं. जामसिंग गुपचूप घरी आला. जेवायला बसला आणि दोन घास खाऊन थांबला.

"काय व्हयनं?" मी विचारलं.

"उलटं व्हयनं," तो म्हणाला. "भुरीनं पारडू कुंढीले बांधं, कुंढीनं भुरीले."

मी हसत सुटले. पोट धरून हसले. भुरीच्या पारडाच्या कपाळावर दोन भोवरे होते, कुंढीच्या पारडाला एकच. जामसिंगने दोन्ही सोलली, दोन्ही शिवली, त्याला काळोखातसुद्धा ओळखू आली असती. पण त्या गोठ्यात कुणी ओळखणार? रतिलालने साठ वर्षं म्हशींत काढली, कास सोडून त्याची नजर कधी वर गेली नाही. पारडाचं तोंड त्या घरात कुणी पाहिलेलंच नाही. मेलेलं ओळखू येईल कुठून?

म्हशीला मात्र ओळखू येतं. भुरीने त्या कातड्याचा एक वास घेतला आणि लाथ मारली. चरवी उडाली, गड्याचा गुडघा सुजला. कुंढीने लाथ नाही मारली, नुसती उभी राहिली, डोळे मिटून. थेंब नाही. संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशी तेच. डेअरीची गाडी आली तेव्हा निम्मा कॅन. रतिलालने मिरच्या ओवाळल्या, लिंबू उतरवलं. तापीबाईने नवस बोलला. कुणीतरी पान्ह्याचं इंजेक्शन सुचवलं तर हेमकांत म्हणाला, ती क्रूरता आहे. क्रूरता! मी बांधावर उभी राहून हे सगळं बघत होते, आणि मला इतका आनंद होत होता की काय सांगू.

जामसिंग चपला घालायला लागला. "मी जास नि बदली देस."

"खबरदार! पाय बाहेर टाकशी तर याद ठेव."

"रविनानी माय," तो म्हणाला. लेकराच्या नावानेच हाक मारतो तो मला. "तिसरं पारडू शे ना. ते मराले टेकेल शे."

ते मलाही माहीत होतं. पहिलटकरणीचं ते तिसरं पारडू अजून उभं होतं, आणि मला ते हवं होतं. तेच काय, मला सगळीच हवी होती. यंदाची, पुढच्या वर्षाची, त्याच्या पुढची. मी जामसिंगला समजावलं. आत्ता गपचूप जाऊन बदलून दिलं तर म्हशी दूध देतील, पाटील म्हणेल शाब्बास, बोर्ड तिथेच राहील आणि पारडं मरत राहतील. थांबायचं. दूध आटायला लागलं की रतिलाल स्वतः येईल. मग बोली करायची. तिसरं पारडू आत्ता द्या, आणि यापुढचे सगळे हेले माझे. पाटलांना दयेची भाषा कळत नाही, कॅनची कळते.

"तोपर्यंत ते जगाले पाह्यजे," जामसिंग म्हणाला.

"जगस! दोन दिवसांत काही होत नही."

तो चपला काढून बसला. पण त्या दिवशी संध्याकाळी बांधावर जाऊन आला आणि सांगायला लागला, की दोन म्हशींची तूट पाटील तिसरीवरून भरून काढतोय. आधी पारडाला चार घोट तरी मिळायचे, आता पान्हा सुटायच्या आत ओढतात. पाय वाकलेत त्याचे. शेळीचं दूध बाटलीत भरून त्याने मागच्या भिंतीवरून द्यायचा प्रयत्न केला, तर मंडळाचा एक टी-शर्टवाला ओरडला, चोर चोर. बाटली टाकून पळून आला हा बहाद्दर.

मी त्याच्यावरच चिडले. म्हटलं, तू असला मेणाचा म्हणून लोक आपल्याला तुडवतात. एका पारडासाठी रडतोस, आणि पुढची पन्नास पारडं कोण वाचवणार? तो भाकरी न खाता आडवा झाला. झोपला नाही, मला माहीत आहे, कारण मीही झोपले नव्हते. पण तेव्हा तरी मला तो जिंकायचा हुरूप वाटत होता.

जामसिंगला बसवलं त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी रतिलाल आला. अंगणात आला, कडेला नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा. खाटेवर बस म्हटलं तर बसला. दाढी केल्याशिवाय कधी न दिसणारा माणूस, गालावर पांढरे खुंट वाढलेले. मला बरं वाटलं.

"धनुबाई, म्हशी दूध चोरी ऱ्हायन्यात," तो म्हणाला. "जामसिंगनं काही चुकनं का?"

"त्यानं काही चुकनं नही," मी म्हटलं. "तुमना पोऱ्यानी बोर्ड लायेल शे ना, मंग बोर्डलेच पिळा."

त्याने मान खाली घातली. मी सोडते होय? नऊ वर्षांचं सगळं काढलं. खरवस काढला, शेणाच्या ढिगाजवळचा खुंटा काढला, मला ओसरीखाली उभं करून वरून पाणी ओतणारी तापीबाई काढली. मला पापी म्हणणारी तुम्ही माणसं, मी खाऊ घालून पाठवते, तुम्ही उपाशी ठेवून पाठवता, आणि वर हार घालून घेता. जामसिंग दारात उभा राहून नुसता बघत होता, त्याचं एकच पालुपद, आता पुरे, चल लवकर. पण मला कुठे लवकर? माझी ती सकाळ होती. मी चहा टाकला. रतिलालला पाजला. त्याने आमच्या कपातला चहा प्यायला, मी तो शेवटच्या घोटापर्यंत बघितला.

मग बोली केली. रतिलाल म्हणाला, "व्हई. सगळा हेला तुन्हा. पोऱ्याले मी सांगस. आते चाल."

गोठ्यात हेमकांत उभा होता, हात मागे बांधून. मी भुरीपुढचं पेंढ्याचं पारडू सोडलं, कुंढीपुढचं सोडलं, दोन्ही कातड्यांची कपाळं त्याच्या नाकासमोर धरली. म्हटलं, बघ, याला दोन भोवरे, त्याला एक. जीवदया करणाऱ्याला जीव ओळखता आला पाहिजे. तो लालबुंद झाला. मी बदलून बांधली, मिठाचं पाणी शिंपडलं. भुरीने लांब वास घेतला. मग त्या कपाळावरून जीभ फिरवायला लागली, एकदा, दोनदा, आणि घशातून तो हुंकार काढला जो म्हैस फक्त आपल्या पिलासाठी काढते. गड्याने कासेला हात लावला आणि चरवीत धार वाजली. कुंढीनेही सोडलं. रतिलालने हात जोडले. देवाला नाही, मला. शपथ सांगते, आयुष्यात इतकी ताठ मी कधी उभी राहिले नव्हते.

"चला," मी म्हटलं, "माझं पारडू द्या."

जामसिंग आधीच मागे गेला होता. मी शेणाच्या ढिगाजवळ पोचले तेव्हा तो मांडी घालून खाली बसला होता आणि पारडाचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. डोळे उघडे, पोट हलत होतं, पण अगदी थोडं. मी त्याच्या तोंडात बोट घातलं. आत गार लागलं. पारडाचं तोंड आतून गार लागलं की काय समजायचं ते मला कुणी सांगायला नको. तरी मी धावत गेले, गड्याच्या हातातून चरवी हिसकावली, भुरीचं फेसाळ, गरम दूध ओंजळीत घेऊन त्याच्या जबड्यात सोडलं. गिळलं नाही. जामसिंगने घसा चोळला. दूध तोंडाच्या कडेने बाहेर येऊन त्याच्या धोतरावर पसरलं. मी दुसरी ओंजळ घातली, तिसरी घातली. मी त्याला शिव्या देत होते, गिळ मेल्या, गिळ ना. त्याचे मागचे पाय एकदा ताणले आणि सैल पडले.

रतिलाल पाठीमागे येऊन उभा राहिला. "अरेरे," म्हणाला. खरंच वाईट वाटलं होतं त्याला, आवाजावरून कळलं. मग म्हणाला, "जामसिंग, यानं कातडं आजच काढी घे भाऊ. नही तर हाई म्हैस बी दूध चोरी."

मी उठले. जिभेवर सगळं तयार होतं, असलं काही की तापीच्या पलीकडच्या काठाला ऐकू गेलं असतं. तेवढ्यात जामसिंग बोलला. माझ्याकडे बघितलंही नाही, त्या पारडाचे कान नीट करत बोलला.

"परवा ते उभं व्हतं, रविनानी माय."

एवढंच. रागाने नाही, नेहमीसारखंच, हळू.

परवा ते उभं होतं. परवा हा चपला घालून दारात उभा होता आणि मी त्याला बसवलं. दहा दिवस उपाशी ठेवलं रतिलालने, ते त्याचं त्याच्यापाशी. पुढचे दोन दिवस मी ठेवलं. आणि आज सकाळी मी चहा टाकत बसले, तो वेळही माझाच. पुढच्या पन्नास पारडांचं नाव घेऊन मी याला मारलं, अगदी पाटलासारखं, हात न लावता.

रतिलाल वाट बघत होता, हेमकांत वाट बघत होता, आता ही काय बोलते म्हणून. शिवी ओठापर्यंत आली होती. ती आता कुणाला द्यायची, तेच मला कळेना.